एका छपराखाली

काडीमोड झाला तेव्हा सगळं वाटून झालं होतं.
फ्रिज मला, पिकअप तुला,
दामियान तुझ्या सुटीचे सात दिवस तुझा,
पाळीचे सात दिवस माझा.
कुत्र्याची राखसुद्धा अर्धी अर्धी,
एक वाटा कॉफीच्या डब्यात, एक बिस्किटांच्या.
वकीलबाईंनी दोनदा विचारलं, आणखी काही सामाईक?
दोघंही नाही म्हणालो.

पासवर्ड कुणाला आठवलाच नाही.
तो अजून कुत्र्याच्याच नावाचा होता,
पुढे त्याच्या जन्माचं साल.

चार वर्षं कामाशिवाय फोन नाही.
पण 'पाहणे सुरू ठेवा' या ओळीत
तू मला रोज दिसायचास,
तेविसाव्या मिनिटाला थांबलेला.
बारा तास तांब्याच्या खाणीत डंपर हाकून
बूट न काढता आडवा होणारा माणूस,
खुनी कोण, हे तुला कधी कळलंच नाही.
एकदा जूनमध्ये
तू ओळीने सहा भाग शेवटपर्यंत पाहिलेस
आणि इकडे माझी झोप उडाली.
दामियानला म्हटलं, बाबाला फोन कर.
काय विचारू?
विचार, जेवलास का.

मग टीव्हीवर पत्र आलं, फार मऊ भाषेत.
हे खातं एका घरासाठी आहे.
घर म्हणजे एका छपराखाली राहणारी माणसं.
हा टीव्ही आपल्या घराचा भाग दिसत नाही.

न्यायाधीशाला अकरा महिने लागले होते
एवढंच म्हणायला.

पण तुझं छप्पर तरी कुठलं, उलिसेस?
सात दिवस कॅम्पातली खोली,
तू खाली उतरलास की तिथल्या उशीवर
दुसराच कुणी घोरतो.
सात दिवस कलामात, भाड्याच्या माळ्यावर.
महिन्यातला एखादा रविवार ओव्हायेला, आईकडे,
जिच्या घरात इंटरनेट शेजारणीचं,
भिंतीतून पाझरून येतं तेवढंच.
लग्नात ती म्हणाली होती,
खुशाल वेगळी चूल मांडा, मीठ माझ्याकडून न्या.
कंपनीच्या अर्जात मिठाचा रकाना नाही.

बाहेर असाल तर कोड मागवा, असंही लिहिलं होतं.
चार आकडे, खातेदाराच्या फोनवर,
पंधरा मिनिटं चालतील.
मी मागितला नाही.
मी टीव्ही बंद केला आणि कपड्यांना इस्त्री केली,
इस्त्रीची गरज नव्हती त्यांनाही.

तू पाठवलास, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी.
मागेपुढे शब्द नाही,
नुसतं ७०४१.
मी उठले तेव्हा आंतोफागास्ताचं बंदर धुक्यात होतं,
क्रेनची फक्त डोकी वर,
आणि आकडे शिळे झालेले.
मी लिहिलं,
तुझ्या आईला दे, तिची मालिका अर्ध्यावर आहे.

दिलास वाटतं.
कारण संध्याकाळी हजारेक किलोमीटरवरून तिचा फोन,
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
ऐक यास्ना, सासूने दागिने परत केले!
कुठली सासू, मी दचकून विचारलं.
अगं, इस्तंबूलची.

तेव्हापासून रोज आठ वाजता
ती मला अख्खा भाग सांगते,
साड्यांचे, म्हणजे त्यांच्या त्या झग्यांचे रंग
आपल्या पदरचे घालून.
नायकाला मध्येच तुझ्या नावाने हाक मारते.
चुकून की कसं, मी विचारत नाही.
दामियान स्पीकरला कान लावून बसतो.
म्हणतो, आजीचं हे सांगणं कंपनीला चालतं का?

काल नायक परत आला.
दारात उभा, हातात बॅग,
बायकोने कडी काढलेली, दार मात्र उघडलेलं नाही.
आणि तुझी आई गप्प.
मग? मी म्हटलं. मग काय झालं?

मग काय व्हायचं, ती म्हणाली,
डोळाच लागला माझा.
आमच्या घराण्यातच आहे ते.